पुस्तक मागवलंय

हरल्यावर माणसं नाना कारणं सांगतात. कुणाची झोप झालेली नसते, कुणाला पंख्याचा आवाज नडलेला असतो. काका मात्र आपला राजा उचलून डब्यात ठेवतात आणि शांतपणे म्हणतात, "ह्याच्यावर पुस्तक आहे. मागवलंय."

काकांना तुम्ही ओळखता. सोसायटीच्या क्लबहाउसात संध्याकाळी पट मांडून गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेले असतात, ते. बँकेतून निवृत्त. बुद्धिबळाच्या पुस्तकांनी कपाट गच्च, आणि खेळ होता तिथेच.

मागे चौथीतल्या एका चिरंजीवांनी पांढरी घेऊन डी ४, मग उंट एफ ४ वर, अशी लंडन सिस्टिम लावली आणि काकांना बघता बघता गुंडाळलं. मागवलंय! आठवड्याभरात लंडनने हमखास जिंकून देणारं पुस्तक आलं. पुढे काका स्वतः लंडन खेळून हरले, तेव्हा लंडनचा फडशा पाडणारं आलं. दोन्ही आता एकाच फळीवर शेजारी शेजारी उभी आहेत, विजयाची हमी दोघांचीही. ओपनिंगच्या पुस्तकांची ही खुबीच आहे: कव्हरवर ज्याचं नाव, आतले बहुतेक डाव त्याचे. विकायला बसलेला लेखक हरलेले डाव कशाला छापेल?

बरं, निवड वाईट म्हणावी तर तसंही नाही. निम्झोविचचं 'माय सिस्टिम' आहे, सिल्मनचं 'हाउ टू रिअसेस युअर चेस' आहे. मुरलेल्या खेळाडूंना घाम फोडणारं द्वोरेत्स्कीचं 'एंडगेम मॅन्युअल'सुद्धा आहे. फक्त काकांवर अंतिम खेळाची वेळच येत नाही. वजीर त्याच्या बराच आधी जातो. कापाब्लांकाने १९२१ सालच्या 'चेस फंडामेंटल्स'मध्ये आधी साध्या माता आणि साधे शेवट शिकवले, ते काकांना फारच प्राथमिक वाटलं. तीन मुलींना बुद्धिबळात मोठं करणाऱ्या लास्लो पोल्गारचा ५३३४ कोडी आणि डावांचा ठोकळा आला, तर त्यातली पहिली ३०६ कोडी एका खेळीत मात करण्याची निघाली. "ही बालवाडी," म्हणत काकांनी ती ओलांडली. त्याच शनिवारी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने हत्ती थेट शेवटच्या रांगेत आणला. काकांच्या राजापुढची तिन्ही प्यादी जागची हललेली नव्हती. एका खेळीत मात. बॉबी फिशरच्या नावाचं १९६६ सालचं शिकवणीचं पुस्तक बरंचसं ह्याच एका मातेवर उभं आहे. ते काकांकडे आहे. दोन प्रती. पहिली मागवलीय हे विसरून दुसरी मागवली.

एकच उपदेश त्यांनी मनापासून अंगी बाणवला. स्पेनमधल्या लूसेनाने १४९७ साली बुद्धिबळावर पुस्तक छापलं. आज उपलब्ध असलेल्या छापील पुस्तकांत ते सर्वांत जुनं. प्रतिस्पर्ध्याला उजेडाकडे तोंड करून बसवावं, असं तो त्यात सुचवतो. काका रोज पश्चिमेच्या खिडकीला पाठ लावून बसतात. पोरं टोपी घालून येतात आणि जिंकून जातात. हत्ती-प्याद्याच्या शेवटातली जी 'लूसेना पोझिशन' जगभर शिकवतात, ती लूसेनाच्या पुस्तकात मुळी नाहीच. काकांना हे ठाऊक आहे. ती जिंकायची कशी, ते तेवढं नाही.

चिडावं असं एवढं सगळं असताना एक गोष्ट नाइलाजाने नोंदवावी लागते. चेर्नेव्हचं १९५७ सालचं 'लॉजिकल चेस' नवख्याला अजूनही बेलाशक द्यावं असं पुस्तक आहे. त्यात प्रत्येक खेळीचं कारण सांगितलंय, अगदी पहिल्या प्याद्याचंसुद्धा. काकांची प्रत जुनी, डिस्क्रिप्टिव्ह नोटेशनची. त्या पद्धतीत प्रत्येक जण आपल्या बाजूने घरं मोजतो, म्हणून पांढऱ्याचं 'पी-के ४' म्हणजे ई ४ आणि काळ्याचं तेच म्हणजे ई ५. आजच्या पोरांना ही लिपीच कळत नाही. काकांनी त्यातले सगळे ३३ डाव, खेळीशेजारी खेळी, समासात बारीक पेन्सिलीने नव्या पद्धतीत उतरवून काढलेत. इस्त्रीवाल्याच्या मुलासाठी. त्याच्या घरी मोबाइल एकच, आणि तो दिवसभर बापाकडे. खाडाखोड कुठेही नाही, बँकेतलं अक्षर आहे ते.

काकांच्या लहानपणी त्यांच्या गावात बुद्धिबळाचं एकही पुस्तक नव्हतं. रविवारच्या पेपरातलं कोडं कापून ते वहीत चिकटवायचे, आणि उत्तर पुढच्या रविवारी. पेपर आला नाही, तर उत्तरही नाही. त्या वहीतली काही कोडी अजून सुटायची आहेत.

इस्त्रीवाल्याचा मुलगा आता काकांना सर्रास हरवतो. काका त्याच्यापुढे मागवलंय वगैरे म्हणत नाहीत; डाव पुन्हा मांडतात आणि "कुठे चुकलो, दाखव बघू," म्हणतात.

तुमच्या माळ्यावर 'पी-के ४'वालं एखादं जुनं पुस्तक पडलं असेल, तर ते रद्दीत घालू नका. आपापल्या सोसायटीतल्या काकांना नेऊन द्या आणि एक डाव खेळून या. फक्त खिडकीकडे पाठ असलेली खुर्ची आधी पकडा.