उभी बाटली, आडवा रुग्ण

महाराष्ट्राच्या राज्यकारभाराचा जो कोणी चिकाटीने अभ्यास करील, त्याला एक सिद्धान्त मान्य करावाच लागेल: दारू मिळण्याची व्यवस्था हा शासनाचा विषय आहे आणि ती सुटण्याची व्यवस्था हा घरच्यांचा. हा सिद्धान्त पडताळण्यास राज्याच्या पूर्व टोकाचा गोंदिया जिल्हा फार सोयीचा आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या आठ तालुक्यांच्या जिल्ह्याला मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि १९९३ पासून दारूबंदी असलेला गडचिरोली जिल्हा अशा तिघांच्या सीमा लागून असल्यामुळे, पिण्याविषयीच्या चार निरनिराळ्या राजनीती येथे एका दुचाकीवरून पाहता येतात.

प्रथम कायदा पाहणे योग्य. महाराष्ट्रात आजही १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे; म्हणजे तत्त्वतः हे राज्य कोरडे असून पिणे हा परवान्याने मिळणारा अपवाद आहे. जुन्या नियमांनुसार हा परवाना आरोग्याच्या जतनासाठी असतो, आणि एका दिवसासाठी तो देशीला २ व विदेशीला ५ रुपयांत मिळत आला आहे. याचा तर्कशुद्ध अर्थ असा की, कायद्याच्या दृष्टीने पिणारा इसम आधीपासूनच रुग्ण आहे, दारू हे त्याचे औषध आहे, आणि सरकारी रुग्णालयांतील इतर औषधांप्रमाणे या औषधाचा तुटवडा पडल्याची तक्रार मात्र कोणी केलेली नाही. या आरोग्यसेवेतून राज्याच्या तिजोरीत वर्षाला २० हजार कोटी रुपयांहून अधिक उत्पादन शुल्क जमा होते, तेव्हा आपल्या सरकारला इतक्या निष्ठेने पोसणारे रुग्ण अन्यत्र सापडणे कठीणच.

गावाला दुकान नकोच असेल, तर त्याचीही तरतूद आहे. तिला बोलीभाषेत ‘बाटली आडवी करणे’ म्हणतात: गावातील एक चतुर्थांश महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, की उभी बाटली आणि आडवी बाटली या दोन चिन्हांवर गुप्त मतदान होते, आणि नुसते बहुमत न धरता यादीतील निम्म्याहून अधिक मते आडवीला पडली तरच दुकान बंद होते. यादीतील निम्म्या मतदारांचा पाठिंबा नसताना आमदार होता येते, परंतु बाटली आडवी करता येत नाही. यावरून लोकशाहीत कोणाचे आसन अधिक पक्के ठेवले आहे, हे अभ्यासकाने ओळखावे.

परवान्याच्या कक्षेबाहेरचा विभाग म्हणजे मोहाची दारू. मोहफूल हे या भागातील, म्हणजे झाडीपट्टीतील, आदिवासींचे अन्न, उत्पन्न आणि पूजेचे साहित्य आहे. परंतु ते आंबवून केलेला ‘सडवा’, म्हणजे भट्टीवर चढवण्यापूर्वीचे मिश्रण, पोलिसी पत्रकात नष्ट केलेला मुद्देमाल म्हणून अवतरतो. सडवा किती लिटर ओतला याचा हिशेब प्रशासन ठेवते. ती दारू पिऊन कंप सुटलेल्या किती माणसांना खाट मिळाली, याचे पत्रक मात्र निघत नाही.

आता खाटेचा शोध. त्याचा पहिला टप्पा भिंतीवर सुरू होतो. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशी हमी देणाऱ्या जाहिरातीतील पूड घरची बाई भाजीत कालवते, आणि तिच्यात काय आहे हे विकणाऱ्याखेरीज कोणास ठाऊक नसते. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाचे एक खरे औषध आहे. १९४८ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी त्याचा हा उपयोग प्रसिद्ध केला. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली, तर मद्याच्या विघटनातून होणारे अॅसिटाल्डिहाइड हे द्रव्य शरीरात साचते, चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि कधी जिवावर बेतते. म्हणूनच ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचे असते; भिंतीवरचे शास्त्र नेमक्या या तीन अटी वगळून बाकीचे सर्व पाळते.

दुसरा टप्पा शपथेचा. देवासमोर, पंचांसमोर किंवा मुलाच्या डोक्यावर हात ठेवून माणूस एका रात्रीत दारू सोडतो आणि समाज त्याचे कौतुक करतो. वैद्यकशास्त्र येथे रसभंग करते: वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने अचानक थांबल्यास काही तासांत हात थरथरू लागतात, पुढे झटके येऊ शकतात, आणि दोन-तीन दिवसांत भ्रम, भास व ताप यांची ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ ही अवस्था उद्भवून मृत्यूही संभवतो. हा काळ औषधांनी सुखरूप पार पाडण्यास ‘डिटॉक्स’ म्हणतात. त्यासाठी हळूहळू कमी करत नेलेली शामक औषधे, ब१ जीवनसत्त्व आणि लक्ष ठेवणारी परिचारिका एवढे पुरते. म्हणजे हे काम ग्रामीण रुग्णालयात अशक्य नाही, पण त्याची पाटी तेथे सहसा लागलेली दिसत नाही.

तिसरा टप्पा कुलूपबंद व्यसनमुक्ती केंद्राचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने व्यसनाशी निगडित विकारांना मानसिक आजारात स्थान दिले, अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची केली आणि रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली. तथापि थकलेले कुटुंब नोंदणी क्रमांक विचारत नाही. ते फक्त दार बाहेरून बंद होते ना, एवढेच पाहते, आणि कोणताही फलक या दृष्टीने पुरेसा ठरतो.

चौथा टप्पा रेल्वेचा. गोंदिया शहरात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे खरे, परंतु सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या मजुराला तेथवर वारंवार येणे म्हणजे दरवेळी मजुरी बुडवणे. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय त्याहून पुढे, सुमारे १३० किलोमीटरवर. ज्याची ख्याती सर्वत्र आहे ते मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साह्याने १९८६ मध्ये उभे केलेले, ते पुण्यात. सुदैवाने कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहूनच सुटते आणि पुण्यात थांबते. तेव्हा बाटलीसाठी चालत जाणाऱ्याने उपचारासाठी अख्खे राज्य ओलांडावे, अशी सोय रेल्वेने तरी करून ठेवली आहे.

हे अंतर आकड्यांतही दिसते. केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून करवून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता, आणि दाखल होऊन उपचार १८० पैकी एकाला. उरलेल्या ३७ जणांसाठी २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, शाळकरी मुलांची फेरी निघते व सामूहिक शपथ होते. ज्यांनी अद्याप दारू चाखलेली नाही त्यांच्याकडून ती सोडवून घेण्यात या जिल्ह्याचे यश निर्विवाद आहे.

थट्टेला उत्तर शेजारीच आहे. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे अभियान दारूबंदीच्या अंमलबजावणीबरोबरच तालुक्याच्या ठिकाणी व्यसनोपचार चिकित्सालये आणि गावात शिबिरे चालवते, म्हणजे रुग्णाने उपचाराकडे जाण्याऐवजी उपचार रुग्णाकडे येतो. गोंदियाने बंदी आणावी की नाही हा वाद खुशाल चालू द्यावा. जिल्ह्यातील ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत डिटॉक्ससाठी दोन खाटा, आठवड्यातला एक ठरलेला वार आणि दारावर मराठीत व गोंडीत एक पाटी, यासाठी कोणताही वाद मिटण्याची वाट पाहावी लागत नाही. तोवर वाचकांनी राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ आणि मानसिक आरोग्याच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हे दोन निःशुल्क क्रमांक लिहून ठेवावेत, रोज पिणाऱ्याला एका रात्रीत सोडायला लावू नये, आणि पुढच्या ग्रामसभेत दुकानाचा ठराव मांडताना त्याच कागदावर खाटांचा ठरावही मांडावा.