भाद्रपदाची निविदा

कुत्र्यांचं पंचांग पक्कं असतं. भाद्रपद आला की आला. त्याला ना मुदतवाढ, ना फेरनिविदा. कुत्री व्यायला जेमतेम दोन महिने लागतात. निर्बीजीकरणाची फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर सरकायलाही तेवढेच. त्यामुळे कार्यादेश निघेपर्यंत गल्लीत सहा पिल्लं डोळे उघडून ठेकेदाराची वाट बघत बसलेली असतात.

दरम्यान सोसायटीची सभा भरते. एक गट म्हणतो, सगळी उचलून न्या. कुठे? ‘लांब’ एवढा पत्ता पुरतो. (त्या ‘लांब’लाही माणसं राहतात आणि त्यांचीही सभा भरते.) दुसरा गट मुक्या जनावरांच्या कळवळ्याने बिस्किटांचा पुडा फोडतो, तो बरोब्बर दुसऱ्याच्या विंगखाली. लस टोचताना कुत्रं धरायला कोण येणार, असं विचारलं की दोन्ही गटांना एकदम ऑफिस आठवतं.

भांडण जुनंच. १८३२ साली इंग्रजांनी मुंबईत मोकाट कुत्री मारायला काढली, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि दंगल पेटली. मारण्याचा उद्योग पुढेही कित्येक वर्षं चालला. कुत्री संपली नाहीत. रिकाम्या गल्लीत शेजारच्या गल्लीतली आली. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली कुत्री निवाऱ्यात ठेवायला सांगितली आणि अकरा दिवसांनी आदेश बदलला: पिसाळलेली, अंगावर येणारी वगळून बाकीची नसबंदी करून आणि लस टोचून होती तिथेच सोडा. अकरा दिवसांत निवारा कसला, आपल्याकडे बैठकीचं इतिवृत्तही होत नाही.

गोव्याने मात्र जाळी घेऊन गावं पालथी घातली आणि वर्षाला ९५ हजारांच्या आसपास कुत्र्यांना लस टोचली. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, की रेबीजची साखळी तुटते. २०१८ आणि २०१९ मध्ये गोव्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही. पण अशा कामाचा फ्लेक्स काय लावणार? लस टोचलेलं कुत्रं आधीसारखंच दिसतं, आधीसारखंच भुंकतं. उद्घाटनाची फीत बांधायची कुठे?

तोवर कुणाला चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लशीसाठी तडक दवाखाना गाठा. चुना आणि मिरचीपूड स्वयंपाकघरातच राहू द्या. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी सहा ते सात येतं. ही वेळ कुत्र्यांना लेखी कळवावी, असा ठराव सभेत एकमताने मंजूर झाला आहे.