बारा गाण्यांचे जिमकाका

ज्या गावात चर्च आहे त्या गावात एक तरी जिमकाका असतातच. वसईत आहेत, अलिबागेत आहेत, पुण्याच्या कॅम्पात तर शोधायलाही लागत नाहीत. आमच्या पनवेलचे जिमकाका उरण नाक्याजवळच्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. बाप्तिस्म्याचं नाव वेगळं आहे, पण ते फक्त रेशनकार्डाला ठाऊक. बाकी पोस्टमनपासून पाववाल्यापर्यंत सगळ्यांचे ते जिमकाका.

नाव पडलं जिम रीव्ह्जवरून. हा टेक्सासचा कंट्री गायक. जन्म 1923 चा. आधी बेसबॉल खेळायचा, दुखापतीनं ते सुटलं, मग रेडिओवर निवेदक झाला आणि तिथून गाण्यात शिरला. 1963 साली त्यानं ‘ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस’ नावाची रेकॉर्ड काढली आणि पुढच्याच वर्षी विमान अपघातात गेला. अमेरिकेत आज किती लोक ती रेकॉर्ड ऐकतात देव जाणे, पण मुंबई-वसई-गोवा पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांत तिच्याशिवाय नाताळ उगवत नाही. आणि ती कधी, किती आणि कुठल्या क्रमानं लावायची याचा संपूर्ण अधिकार जिमकाकांकडे आहे, निदान पनवेलपुरता तरी.

क्रम महत्त्वाचा. काकांच्या मते बारापैकी पहिली आठ गाणी बाजाराची आणि शेवटची चार देवाची. बाजाराच्या गाण्यांत घंटा आहेत, बर्फ आहे, सांताक्लॉज आहे, जुनं ख्रिसमस कार्ड आहे. देवाच्या गाण्यांत बेथलेहेम आहे, मरियेचं बाळ आहे आणि सगळ्यांत शेवटी ‘सायलेंट नाइट’. “जिमनं क्रमच तसा लावलाय,” काका सांगतात. “बेथलेहेमला जायचं तर बाजारातूनच जावं लागतं. पण बाजारातच राहिलास तर पोचणार कधी?” हे वाक्य त्यांनी फादरांनाही ऐकवलंय, आणि एका वर्षी ते प्रवचनात आल्याचं ते अभिमानानं सांगतात.

तर आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडला की काका फळीवरून रेकॉर्ड प्लेअर उतरवतात. मलमलीच्या फडक्यानं तबकडी पुसायची, तीही खाचांच्या दिशेनं. सुईवर फुंकर मारायची, पण थुंकी न उडवता, म्हणून आधी ओठ कोरडे करून. सुई उडू नये म्हणून तिच्या दांडीवर जुना एक रुपया ठेवायचा. हा रुपया खर्च करायचा नाही; तो बंदा आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मग रोज संध्याकाळी सातला आठ गाणी. सिल्व्हर बेल्स झालं, सी-एच-आर-आय-एस-टी-एम-ए-एस झालं, की काका उठतात आणि सुई उचलतात. पुढची चार 24 तारखेच्या मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर. त्याआधी नाही. कोणी आजारी असलं तरी नाही, कोणी दुबईहून दोन दिवसांसाठी आलं असलं तरी नाही.

रस्त्यावरून अवजड ट्रक गेला की त्या रुपयालाही न जुमानता सुई उडी मारते. ‘ॲन ओल्ड ख्रिसमस कार्ड’मध्ये ती दरवर्षी एकाच जागी उडून उडून तिथे कायमची चरी पडली आहे. आमच्या इमारतीत वाढलेली सगळी पोरं ते गाणं त्या उडीसकट शिकली. त्यातली एक मुलगी पुढे कॉलेजच्या कार्यक्रमात तेच गाणं गायली, आणि चार शब्द गाळून सरळ पुढच्या ओळीवर गेली. परीक्षकांना वाटलं विसरली. आम्हाला वाटलं, काय अचूक गायली!

डिसेंबरातल्या पनवेलात काका सँडो बनियनवर, पंख्याखाली बसून ‘व्हाइट ख्रिसमस’ ऐकतात. बर्फ त्यांनी पाहिलेला नाही, माशांच्या खोक्यातला सोडून. पण त्या गाण्याला डोळे मिटतात. ‘मेरी ख्रिसमस पोल्का’ला मात्र गुडघ्याची तक्रार बाजूला ठेवून दोन पावलं टाकतात, खिडकीशी कोणी नाही हे पाहून. खिडकीशी कोणी ना कोणी असतंच.

काकांचा एकच शत्रू आहे, बोनी एम. ‘मेरीज बॉय चाइल्ड’ जेस्टर हेअरस्टननं लिहिलं, हॅरी बेलाफॉन्टेनं 1956 मध्ये गायलं, जिमनं 1963 च्या या रेकॉर्डीत गायलं, इथपर्यंत काकांना सगळं मान्य आहे. 1978 साली बोनी एमनं त्याला डिस्कोचा ठेका लावला, आणि तिथपासून जगाची घसरण सुरू झाली असं त्यांचं इतिहासाचं आकलन आहे. चर्चची तरुण मंडळी नेमकं तेच लावतात. “बाळ जन्मलंय,” काका म्हणतात, “बाळंतिणीच्या खोलीत कोणी ढोल वाजवतं का?” यावर तरुण मंडळी आवाज वाढवतात.

जिम रीव्ह्जचं वैशिष्ट्य म्हणजे तो मायक्रोफोनला ओठ जवळजवळ टेकवून, अगदी हळू, कानाशी बोलल्यासारखा गायचा. काका हे कौतुकानं सांगतात, तेव्हा काकू स्वयंपाकघरातून म्हणतात, “अहो, तो बिचारा कोणाला त्रास नको म्हणून एवढा हळू गायला, आणि तुम्ही तो नाक्यापर्यंत ऐकू जाईल असा लावता!”

काकू माहेरच्या नगरच्या, प्रोटेस्टंट. पेटी-तबल्यावर रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं म्हणत मोठ्या झालेल्या. त्यामुळे नाताळचा फराळ चालू असताना या घरात दरवर्षी एकच वाद होतो. काकू नेवऱ्यांचं सारण भरतायत, काका कुलकुल काट्याच्या पाठीवर वळतायत (प्रत्येक कुलकुल सारखं, एकही चुकार नाही), आणि विषय निघतो.

“तुमचा तो टेक्सासचा,” काकू म्हणतात. “आमचे टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं तर लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आमच्यात बायका नवऱ्याचं काव्य पुरं करतात, नुसते कुलकुल नाही.”

“टिळक मोठेच,” काका मान डोलावतात. “पण त्यांची एलपी कुठे आहे?”

“एलपी! तो स्टीफन्स पाद्री इंग्लंडहून गोव्याला आला, मराठी शिकला आणि 1616 साली ‘ख्रिस्तपुराण’ छापून मोकळा झाला. अकरा हजारांच्या आसपास ओव्या! परका माणूस देवाशी मराठीत बोलला, आणि पनवेलचा माणूस इंग्रजीत झोपतो.”

इथे काकांकडे हुकमी पत्ता असतो. जिम दक्षिण आफ्रिकेत एवढा लोकप्रिय झाला की त्यानं तिथल्या लोकांसाठी आफ्रिकान्स भाषेत अख्खी रेकॉर्ड केली. “म्हणजे शिकायची तयारी होती,” काका म्हणतात. “आणखी दहा वर्षं जगला असता तर मराठीतही गायला असता.” काकू नेवरी कातरतात. बोलत नाहीत.

जगला नाही, हे खरं. 31 जुलै 1964 ला जिम स्वतःच विमान चालवत होता; नॅशव्हिलजवळ वादळी पावसात ते कोसळलं. चाळीस वर्षांचा होता. पनवेलात 31 जुलैला पाऊस बहुधा कोसळतच असतो, आणि तो जिमसाठीच कोसळतो असा काकांचा समज आहे. त्या दिवशी ते खिडकीत बसून गढूळ पाणी बघतात आणि चहा दोनदा घेतात. मात्र त्याच्या मरणात त्यांना पुनरुत्थानाचा पुरावाही सापडलाय. जिम गेला तरी त्याच्या बायकोनं, मेरीनं, राहिलेली गाणी एकेक करून बाजारात आणली. 1966 साली त्याचं ‘डिस्टंट ड्रम्स’ इंग्लंडात पहिल्या नंबरावर गेलं. “गेल्यावर दोन वर्षांनी पहिला नंबर!” काका बोट वर करतात. “आणि तुम्ही विचारता सार्वकालिक जीवन म्हणजे काय.”

या सगळ्या शिस्तीला एकदाच तडा गेला. खारघरच्या नातवानं ब्लूटूथ स्पीकर आणून दिला, त्यात बाराही गाणी भरली आणि कसलंसं शफलचं बटण दाबून तो निघून गेला. डिसेंबरची दोन तारीख. काकांनी हौसेनं चालू केलं, तर पहिलंच गाणं ‘सायलेंट नाइट’! काकांनी धावत जाऊन वायर उपटली. स्पीकर बॅटरीवर गातच राहिला. उशीत गुंडाळला, तरी गातोय. शेवटी तो न्हाणीघरात, पालथ्या बादलीखाली, शेवटच्या कडव्यापर्यंत गायला. तोवर वरच्या मजल्यावरच्या आजी लाडवांचा डबा घेऊन खाली आलेल्या, “आजच आहे होय? आम्ही मेले पंचवीस धरून बसलो होतो!” म्हणत. वारकरी घरातल्या या आजींना पोपचा दिनदर्शिकेवरचा अधिकार ठाऊक नाही, पण काकांचा मान्य आहे. पुढच्या रविवारी काकांनी फादरांना विचारलं की याची कबुली द्यावी लागेल का. फादर म्हणाले, स्पीकरनं केलेलं पाप माणसाला लागत नाही. लाडू मात्र काकांनी परत केले नाहीत.

आमचं स्पष्ट मत सांगतो: माणूस हटवादी आहे, पण क्रमाच्या बाबतीत त्याचंच बरोबर आहे. ती चार गाणी महिनाभर थांबून ऐकली की वेगळी लागतात. आम्ही मॉलमध्ये नोव्हेंबरातच ती ऐकून पाहिली आहेत, तिथे ती सवलतीच्या जाहिरातीसारखी वाजतात. तेव्हा उरण नाक्याकडे कोणी भाड्यानं खोली बघत असेल तर खुशाल घ्यावी. पाणी दोन वेळ आहे, स्टेशनला रिक्षा मिळते. फक्त 24 डिसेंबरच्या आधी जिन्यात ‘सायलेंट नाइट’ गुणगुणू नये, आणि 25 च्या पहाटे दीड वाजता तळमजल्यावरून गाणं आलं तर वरून लाकूड आपटू नये. रुपया उडतो.