पॅकेज आणि हमीभाव

आमच्या बीड जिल्ह्यात पगार महिन्याचा विचारतात. मास्तरचा, पोलिसाचा, बँकेतल्या कारकुनाचा. फक्त आयटीवाल्याचा वर्षाचा सांगायचा आणि त्याला पॅकेज म्हणायचं. ही युक्ती ज्याने काढली त्याचा तमाम वरबापांनी फेटा बांधून सत्कार करायला हवा. ‘पोराला साडेतीन लाखांचं पॅकेज’ म्हटलं, की सोयरिकीला आलेला पाहुणा चहाची बशी खाली ठेवून नीट बसतो. बाराने भागत बसत नाही.

मी माझं पॅकेज भागलं. ३.३६ लाख म्हणजे महिन्याला २८,०००. त्यातून पीएफ गेला, पुण्यात वाकडच्या खोलीतला माझा वाटा गेला, मेस गेली. उरलेलं शनिवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने नेलं.

आकडाही नवा नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी मोठ्या कंपन्या नव्या पोरांना तीन-सव्वातीन लाखच देत होत्या. तेवढ्या काळात सोयाबीनचा क्विंटलचा हमीभाव २,५६० वरून २०२५-२६ मध्ये ५,३२८ झाला. (बाजारात तो बऱ्याचदा मिळत नाही, हा भाग निराळा. कागदावर तरी वाढला!) २०२४ मध्ये कॉग्निझंटने पदवीधरांना वर्षाला २.५२ लाख देऊ केले, तेव्हा समाजमाध्यमांवर लोक पोट धरून हसले. आमच्या गल्लीत कुणी हसलं नाही. दोघांनी अर्जाची लिंक मागितली.

मामांनी एकदा उलटतपासणी घेतली.

“काय करायलास रे दिवसभर?”

“प्रोग्रॅम लिहितो.”

“उन्हात?”

“एसीत.”

“बसून?”

“बसून.”

“मग वरून पगार कशाला मागतूस?”

मामांचं चुकलं नाही. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडून ऊसतोडीला ट्रॅक्टर भरभरून माणसं जातात, पार कर्नाटकापर्यंत. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तिथे सावली हाही पगारच. मुकादम निदान आधी उचल देतो आणि मग अडकवतो. माझ्या पहिल्या कंपनीत उचल नव्हती, नुसता दोन वर्षांचा बॉण्ड होता.

तरी पोरं आयटीत जातात, मीही गेलो. लग्न, एसी, पुणे ही कारणं आहेतच. पण माझं खरं कारण वेगळं. घरात माझं कुणी ऐकत नाही. डीपी जळाली की वायरमन फोन उचलत नाही. पावसाचं तर बोलायलाच नको. कॉम्प्युटर मात्र सांगितलेलं करतो. चुकीचं सांगितलं तर चुकीचं करतो, पण करतो! आणि अडलंच, तर कितव्या ओळीत का अडलं ते तिथल्या तिथे लेखी देतो. चिरीमिरी न घेता.

हे सगळं मी मामांना रंगात येऊन सांगितलं. त्यांनी तंबाखू मळून दाढेखाली धरली, जरा विचार केला आणि म्हणाले, “मग तुझा पगार वाढंना, ती ओळ कितवी हाय, ते इचार की त्याला.”