बिनमिठाची पंगत

कोल्हापूरच्या माणसाला मटणाबद्दल शिकवू नये. नागपूरकर आणि सोलापूरकर हा नियम पाळत नाहीत, पण त्यांच्याशी रश्श्यावरून भांडता तरी येतं. माझ्या नातीशी येत नाही. ईरा लीड्समध्ये जन्मली, तिथंच वाढली. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे राहायला गेलो, तेव्हा तिनं मला ओट्यापाशी उभं केलं आणि मटणाची कृती सांगितली.

"आबा, मीठ नाही घालायचं. कांदा नाही. लसूण तर कध्धीच नाही. आणि शिजवायचं नाही."

"मग राहिलं काय?"

"मटण."

हे मटण माझ्यासाठी नव्हतं, तिच्या दोन फेरेटसाठी होतं. नराचं नाव मफिन, मादीचं टॉफी. या दोन्ही वस्तू फेरेटला खायला द्यायच्या नसतात, पण नावं ठेवताना ते कुणाच्या लक्षात आलं नसावं. मुंगूस पाहिलेल्या माणसाला फेरेट पाहिला की ओळखीचा वाटतो, मात्र दोघांचं कूळ वेगळं. युरोपात पोलकॅट नावाचा रानटी प्राणी आहे, त्याचा हा माणसाळलेला वंशज. सशांच्या बिळात सोडायला म्हणून माणसानं त्याला दोनेक हजार वर्षांपूर्वी घरात आणलं. लांबोडकं अंग, आखूड पाय, चोराची नजर. दिवसातले चौदा ते अठरा तास तो झोपतो. राहिलेल्या वेळात खातो, लपवतो आणि लपवलेलं विसरतो. सरकारी नोकरीत असता तर बढती मिळाली असती.

ईरा शाळेत, लेक-जावई ऑफिसात, त्यामुळे दुपारची पंगत माझ्याकडे आली. इथं माझ्या प्रकृतीबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. कोलेस्टेरॉल वाढल्यावर कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मला जे जे वर्ज्य म्हणून लिहून दिलं होतं, ते ते सगळं फेरेटच्या डॉक्टरांनी त्याला आवश्यक म्हणून सांगितलेलं. मांस, चरबी, काळीज, गुर्दा, अंड्यातला पिवळा बलक. आणि मला जे खा म्हणून सांगितलं, म्हणजे ओट, भाज्या, फळं, डाळी, ते फेरेटला निरुपयोगी. याला कारण त्याचं पोट. लहान आतडं आणि मोठं आतडं जिथं मिळतात, तिथं आपल्याला एक छोटी पिशवी असते, ती फेरेटला नाहीच. आतडंही आखूड. सकाळी नऊला खाल्लेलं बाराएकपर्यंत बाहेर. एवढ्या वेळात पालेभाजीतून काही काढून घ्यायचं म्हटलं तरी जमत नाही. म्हणून थोडं थोडं, पण दिवसातून बऱ्याच वेळा आणि मांसच. तर दुपारी बारा वाजता मी एका हातानं ओटची लापशी ढवळत असे आणि दुसऱ्या हातानं काळीज कापत असे. देवानं मला काय म्हणून हे दाखवलं, याचा विचार मी त्या ओट्यापाशी पुष्कळ केला.

पण खरी मौज हिशेबाची होती. मी आयुष्यभर साखर कारखान्याचे हिशेब लिहिले. मांस कच्चं घालायचं म्हणजे ताटलीत चार तुकडे टाकले आणि निघालो, अशी माझी समजूत कुणी करून दिली असती तर मी ती आनंदानं करून घेतली असती. ईरानं वजनकाटा पुढं ठेवला आणि एक तक्ता. किलोभर खाण्यात साधारण आठशे ग्रॅम मांस, शंभर ग्रॅम हाड, पन्नास ग्रॅम काळीज आणि पन्नास ग्रॅम गुर्दा किंवा तिल्ली. दिल आणि पेटा अवयवांच्या खात्यात धरायचे नाहीत, ते मांसाच्या खात्यात. राबणारा स्नायू तो मांस, असा तर्क. मला तो पटला. शिवाय दिलात टॉरिन भरपूर असतं. मांजराला ते बाहेरूनच मिळावं लागतं, फेरेटलाही लागतं असं धरून चालतात.

हाडाचं खातं सगळ्यात अवघड. मांसात फॉस्फरस पुष्कळ, कॅल्शियम नावाला. कॅल्शियम यायचं ते हाडातून. लाड म्हणून कुणी नुसतं बोनलेस चिकन घालत बसलं, तर फेरेटचं शरीर स्वतःच्याच हाडांतलं कॅल्शियम काढून रोजचा खर्च भागवतं, आणि हाडं कमकुवत होत जातात. ठेवी मोडून पगार वाटणाऱ्या पतसंस्था मी पाहिल्या आहेत, त्यांचा शेवट असाच होतो. उलट हाड जास्त झालं की मलावरोध. काळीज जास्त झालं की अ जीवनसत्त्वाचा अतिरेक. कोंबडीच्या पंखात जवळजवळ निम्मं वजन हाडाचंच असतं, त्यामुळे शंभर ग्रॅमचा पंख दिला की त्याच्यापाठी साडेतीनशे ग्रॅम बिनहाडाचं यायला हवं. हाड मात्र कच्चंच. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन टोकदार चिरफळ्या निघतात आणि आतड्यात घुसतात. ताळेबंद रोजच्या रोज जुळला पाहिजे असं नाही, आठवड्याभरात जुळला तरी चालतो. एवढी सवलत आम्हाला कुठल्या लेखापरीक्षकानं दिली नव्हती.

तक्ता तयार, काटा तयार, मांस तयार. फक्त फेरेट तयार नव्हते.

फेरेटचं पिल्लू पहिल्या काही महिन्यांत ज्या वासाचं खातं, तेवढ्यालाच ते अन्न समजतं. मफिन आणि टॉफी दुकानातून आलेले, लहानपणापासून कोरड्या तपकिरी गोळ्यांवर वाढलेले. मी पहिल्या दिवशी कोंबडीचं ताजं दिल बारीक चिरून वाटीत दिलं. मफिननं वास घेतला, शिंकला आणि आपल्या झोळीत जाऊन झोपला. टॉफीनं एक तुकडा उचलला, थोडा वेळ विचार केला आणि तो माझ्या चपलेत नेऊन ठेवला. माझ्या हातच्या मटणाला नाक मुरडणारं कुणी आजवर भेटलं नव्हतं. आमच्या व्याह्यांनीसुद्धा, ज्यांना कशातही खोट दिसते, त्यांनीही दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला होता.

"भूक लागली की खातील झक्कत," मी म्हटलं. आमच्या घरात पोरं याच तत्त्वावर वाढली.

"नाही आबा! उपाशी नाही ठेवायचा!" ईरा ओरडली. तिचं बरोबर होतं. एवढ्या आखूड आतड्याचा प्राणी फार वेळ उपाशी राहिला तर त्याच्या रक्तातली साखर घसरते आणि तो आडवा होतो. तेव्हा सत्याग्रह चालणार नव्हता, मनधरणी करायला हवी होती. त्यासाठी सूप. जुन्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवायच्या, कुस्करायच्या आणि त्यात नखाएवढा कच्चा खिमा कालवायचा. मग मांडी घालून बसायचं, बोटाला सूप लावायचं आणि फेरेटच्या ओठावर टेकवायचं. तो चाटतो, कारण नाक-तोंड स्वच्छ ठेवायची त्याला सवय. चाटला की चव कळते. दुसऱ्या दिवशी खिमा थोडा जास्त, गोळ्या थोड्या कमी. मी हे सगळं करत असताना आमची ही दारात उभी राहून बघत असे. "लेकीला कधी एक घास भरवला नाहीत," एवढंच म्हणून ती आत जाई.

अखेर एका सकाळी मफिननं काळजाचा तुकडा मागचा-पुढचा विचार न करता गिळला आणि पाठीची कमान करून, तोंड उघडं टाकून, आडव्या उड्या मारत सबंध दिवाणखानाभर फिरला. घशातून कुकू कुकू असा आवाज. इंग्रज याला युद्धनृत्य म्हणतात, पण अर्थ आनंदाचा आहे. माझ्या पांढऱ्या रश्श्यानंतर पाहुण्यांनी इतकी मोकळी दाद कधी दिली नव्हती.

मांस आणायला मी कर्कगेट मार्केटला जाई. मार्क्स अँड स्पेन्सरचा पहिला स्टॉल 1884 मध्ये याच बाजारात लागला होता. मला त्याच्याशी काही कर्तव्य नव्हतं, मला खाटकांच्या रांगेशी होतं. तिथं बोकडाऐवजी मेंढी मिळते, हे दुःख वेगळं. यॉर्कशरचा खाटीक गिऱ्हाइकाला प्रेमानं 'लव्ह' म्हणतो, मिशा असल्या तरी म्हणतो. मी दिल, काळीज, गुर्दे, तिल्ली आणि कोंबडीच्या माना मागितल्या, तेव्हा त्यानं माझ्याकडे आदरानं पाहिलं. हल्लीची पिढी हे खात नाही, तुम्ही जुनी खरी माणसं, असं काहीसं तो बोलला. मी खुलासा केला नाही. परदेशात एवढा मान मिळाला होता, तो फेरेटच्या नावावर कशाला करायचा?

शेजारी एक म्हातारबाबा राहत, कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. त्यांच्या लहानपणी दर दुसऱ्या घरामागं फेरेट होता, सशाची शिकार करायला. माझा काटा आणि तक्ता पाहून ते खूप हसले. त्यांचे वडील फेरेटला दुधात पाव कुस्करून घालत. ही रीत त्या काळात सगळीकडे होती आणि वाईट होती. दूध फेरेटला पचत नाही, हगवण लागते. पण सशाची शिकार झाली की अख्खा ससा मिळे, कातड्या-हाडासकट, आणि तक्ता आपोआप जुळे. निसर्गानं सगळं एकाच वेष्टनात घालून दिलं होतं, मी ते सुटं आणून पुन्हा बांधत होतो. बाबांनी एकदा मला ससा देऊ केला, तेव्हा ईरानं पहिला प्रश्न विचारला, "बंदुकीनं मारला का?" शिशाचे छर्रे मांसात राहतात आणि विषबाधा होते.

याच बाबांनी मला फेरेट विजारीत सोडण्याच्या स्पर्धेबद्दल सांगितलं. विजारीचे पाय घोट्याशी बांधायचे, आत दोन जिवंत, दातवाले फेरेट सोडायचे, वर पट्टा आवळायचा आणि उभं राहायचं. आतून दुसरं काही घालायचं नाही. बार्न्सलीच्या रेज मेलर यांनी 1981 मध्ये पाच तास सव्वीस मिनिटं काढली. कुस्तीच्या गावचा असूनही मी गप्प बसलो. आमच्याकडे हा खेळ रुजला नाही याचं कारण एकच, धोतराला बाहेर पडायच्या वाटा फार.

मग श्रावण आला. आमची ही एरवी मटण उत्तम करते, पण श्रावणात घरात अंडंसुद्धा येऊ देत नाही. मी घाबरत विषय काढला. तिनं थोडा विचार केला आणि निवाडा दिला, "शिजतंय कुठं? चुलीवर चढत नाही ना? मग बाटत नाही." इतका सरळ निर्णय मी कोर्टातही ऐकला नाही. तो आठ दिवस टिकला. फेरेट मिळालेलं सगळं खात नाही, उरलेलं अडीनडीला म्हणून लपवतो, आणि मऊ जागा बघून लपवतो. सोमवारी सकाळी हिनं वातींच्या कापसाचा डबा उघडला. आत कोंबडीची मान निवांत पहुडलेली होती. त्या दिवशी निवाडा फिरला आणि फ्रीजर, काटा, फेरेट आणि मी, सगळ्यांची रवानगी गॅरेजमध्ये झाली.

आरोग्याच्या दृष्टीनं तेच बरं. कच्च्या मांसात साल्मोनेला, लिस्टेरिया, कॅम्पिलोबॅक्टर असू शकतात, आणि गोठवल्यानं ते मरतात असं नाही, फक्त थांबून राहतात. म्हणून फळी वेगळी, सुरी वेगळी, हात साबणानं आणि लपवलेले तुकडे रोज शोधून फेकायचे. हे जमणार नसेल तर चांगल्या प्रतीचं, भरपूर मांसाचं तयार खाद्य घाला, असं आमच्या तिथल्या डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. अर्धवट जुळवलेल्या कच्च्या मांसापेक्षा ते केव्हाही चांगलं. कोरड्या खाद्यातल्या पिष्टामुळं फेरेटला स्वादुपिंडाच्या गाठी होतात असं कच्च्या मांसाचे भक्त छातीठोक सांगतात. संशय आहे, पक्का पुरावा नाही. भक्तांची ही जात मला ओळखीची आहे, आमच्याकडे ते गुळाबद्दल बोलतात.

आणखी एक भीती फ्लूची. माणसाचा फ्लू फेरेटला सहज होतो. 1933 मध्ये लंडनच्या मिल हिलमधल्या शास्त्रज्ञांनी फ्लूचा विषाणू पकडला तो फेरेटच्याच मदतीनं, आणि त्या संशोधनात एक फेरेट एका संशोधकाच्या तोंडावर शिंकला, तर फ्लू उलटा त्यांना झाला. बर्ड फ्लूचंही तसंच. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये कच्च्या टर्कीच्या खाद्यातून तो एका मांजराला झाला आणि मांजर दगावलं. तेव्हा कोंबडी कुठून येते ते विचारा, आणि आपल्याला सर्दी असली तर फेरेटचा लाड लांबूनच करा.

परत आल्यावर तालमीतल्या दोघांनी विचारलं, आपण कोल्हापुरात पाळू या का? पाळू नका. फेरेटला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल. पारा तिशीच्या वर गेला की त्याला उष्माघात होऊ शकतो, आणि आपला एप्रिल तुम्हाला माहीत आहे. थंड देशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी पाळायचाच ठरवला, तर आधी घरात चार गोष्टी आहेत का बघावं: वजनकाटा, वेगळा फ्रीजर, फेरेट समजणारा डॉक्टर आणि दुपारी मोकळा असलेला निवृत्त माणूस. हा माणूस भारतातून आणायचा असेल तर लक्षात ठेवा, इंग्लंडच्या व्हिजिटर व्हिसावर त्याला एका खेपेला सहाच महिने राहता येतं.