अर्ध्या कोयत्याची स्वायत्तता

किमान वेतनाचा तळ देशभर एकच असावा, की ज्याने त्याने आपापला ठरवावा, यावर विद्वानांत रण माजलं आहे. एक पक्ष म्हणतो, तळ बांधा. दुसरा म्हणतो, राज्यांची आणि बाजाराची स्वायत्तता राखा. चालू द्या. फक्त घाटनांदूरचा एक हिशेब तेवढा खोळंबला आहे : अर्ध्या कोयत्याचं किमान वेतन किती?

दसरा उलटला की घाटनांदूरच्याच काय, अख्ख्या बीड जिल्ह्याच्या शिवारातून ऊसतोडीला माणसं नव्हे, कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा. आगाऊ पैशांची उचल कोयत्यावर, मुकादमाच्या वहीतली नोंद कोयत्याची. कायदा मात्र अजून माणसंच मोजत बसलाय, हा त्याचा मागासलेपणा! 2017 साली दिवसाला 176 रुपये हा राष्ट्रीय तळ ठरला, तोही डोईमागे, आणि तोही निव्वळ सल्ला म्हणून. आता कोयत्याला डोई कुठली? त्याला पातं असतं आणि मूठ असते. मग पातं कोण आणि मूठ कोण, याचा आधी निवाडा करा. नवरा ऊस तोडतो म्हणून तो पातं, आणि बायको मोळ्या बांधते म्हणून ती मूठ? मग रात्री ट्रॅक्टर आला की डोक्यावर मोळी घेऊन फळी चढते तेव्हा ती कोण? आणि पहाटे कोपीत चूल पेटवते, ते काम पात्याच्या खात्यावर टाकायचं की मुठीच्या? ते कुणाच्याच खात्यावर पडत नाही, हीच या एककाची खुबी आहे.

यावर हिशेबी माणूस म्हणेल, रडता कशाला? जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्के वाढून टनाला 366 रुपयांच्या घरात गेला. जोडप्याने दिवसाला दोन टन तोडला तर डोईला 366 पडतात. 176 च्या दुपटीहून जास्त. मान्य. आता तास मोजा. कायद्यात दिवस आठ तासांचा आणि जादा तासाला दुप्पट मजुरी. फडातला दिवस बारा तासांचा धरला, तर आठ तासांचे पडतात 183 रुपये. चौदा तासांचा धरला, तर 146. म्हणजे 2017 चा तळही वर राहिला आणि आम्ही त्याच्याखाली. ट्रॅक्टर आला नाही त्या दिवसाचं शून्य. अंग दुखलं म्हणून पडून राहिलं तर खाडा, आणि खाड्याला वरून दंड.

तरीही एकच तळ नको, कारण प्रत्येक प्रदेशाची परिस्थिती वेगळी, असं सांगतात. उसाला ही परिस्थिती कशी आड आली नाही? 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये हा किमान भाव दिल्लीने साऱ्या देशाला लावला. साखर 31 रुपये किलोच्या खाली विकायची नाही, हे 2019 साली दिल्लीनेच ठरवलं. तेव्हा स्वायत्ततेचा गळा कुणी काढला नाही. उसाला तळ, साखरेला तळ, आणि दोहोंच्या मधल्या हाताला तेवढं स्वातंत्र्य! शिवाय तळ कुणालाही जास्त द्यायला अडवत नाही. त्याने अडते ती फक्त कमी देण्याची मोकळीक. मग नेमकी कुठली स्वायत्तता धोक्यात येते, ते सरळ बोला.

डेन्मार्कचा दाखला हमखास येतो : तिथे किमान वेतनाचा कायदाच नाही, आणि 2022 साली युरोपने सामाईक नियम केला तर तो देश न्यायालयात गेला. खरं आहे. पण तिथला बहुसंख्य कामगार संघटित आहे. तो आधी बोलणी करतो, मग कामाला लागतो. इथे वाटाघाटींची गुऱ्हाळं चालतात तोवर उचल घेऊन, खर्चून, माणूस अंगठ्याने बांधलेला असतो. कर्जदाराच्या होकाराला स्वायत्तता म्हणायला लाज कशी वाटत नाही? याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढण्याचा विषय 2019 साली विधिमंडळात गाजला. पाळीचा खाडा परवडत नाही म्हणून बाई अवयव काढून टाकते, तिथे बाजार स्वतःचं शहाणपण स्वतः शोधेल म्हणणाऱ्यांनी एक हंगाम फडात काढावा.

वेतन संहिता 2019 साली मंजूर झाली, लागू व्हायला 21 नोव्हेंबर 2025 उजाडला. तिच्यातही प्रदेशानुसार वेगवेगळे तळ ठेवायची मुभा आहेच. ठेवा. पण आधी वहीतला कोयता खोडून तिथे दोन नावं लिहा, दोघांचे तास वेगळे मांडा आणि बाईची मजुरी बाईच्या खात्यात टाका. एवढं होत नाही तोवर तळ 176 चा असो की 500 चा, घाटनांदूरच्या बाईला त्यातला रुपयाही लागू होत नाही.