सासूबाईंचे पर्यटन

नाशिकमधल्या गंगापूर रोडवरच्या ज्येष्ठांना अमेरिकेने पर्यटनाची जी गोडी लावली आहे, तिचे कौतुक करावे तेवढे थोडे. सुनेचे दिवस भरत आले की सासूबाई बी-२ हा पर्यटक व्हिसा काढतात. अर्जाचे शुल्क १८५ डॉलर, मुक्काम बहुधा ६ महिने. प्रेक्षणीय स्थळे: पाळणा, डिशवॉशर आणि डिंकाच्या लाडवांची कढई. पगार नाही, म्हणजे पर्यटनच.

अमेरिकी स्थलांतर कायद्यातले सर्वांत उदात्त कलम २१४ (बी). असा अर्जदार कायमचाच राहायला येतोय, असे ते आधी धरून चालते. तसे नाही हे त्याने सिद्ध करायचे. म्हणून सासूबाई मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीशी दिंडोरीच्या द्राक्षबागेचा सातबारा घेऊन उभ्या राहतात. एवढी बाग सोडून कोण परदेशी राहील? मुलगा राहिला, तो अपवाद.

हीच निर्दोष पद्धत नाशिकने २०२७ च्या सिंहस्थाला लावावी, अशी आमची नम्र सूचना आहे. रामकुंडात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने घरी परतण्याची ओढ कागदोपत्री सिद्ध करावी. घरदार सोडलेले सगळे आखाडे पहिल्याच खिडकीवर नामंजूर होतील. शुल्क अर्थातच परत मिळणार नाही.